दुष्काळाशी लढायला तिचा एक एकर
मराठवाड्यात पाऊस रुसला की घरचं पाणी, चूल, जनावरं सगळं बाईच्या माथी येतं. 'स्वयं शिक्षण प्रयोग' या संस्थेने लातूर, धाराशिव भागातल्या महिला गटांसोबत साधी वाट काढली: घरच्या जमिनीतला एक एकर बाईने ठरवून पिकवायचा. नुसत्या सोयाबीनऐवजी कमी पाण्यावरची ज्वारी, डाळी, भाजीपाला, सोबत शेणखत. एक पीक गेलं तरी दुसरं ताटात येतं. २०१६ मध्ये या कामाला संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाचा इक्वेटर पुरस्कार मिळाला.

पण सातबाऱ्यावर नाव नसेल तर पीककर्ज, नुकसानभरपाई तिच्यापर्यंत पोहोचणं अवघड. सूरह निसामध्ये मुलीचा, आईचा, बायकोचा वाटा ठरवून दिलेला आहे. बहिणीकडून हक्कसोडपत्रावर सही घेण्याआधी आपण तेवढं आठवूया.