राख आणि काजळ : करडा आणि काळा रंग एकत्र वापरताना

आजचं बोलणं रंगांवर आहे, पण सुरुवात नुकसानीपासून करते. आमच्या गटाला एकदा साठ पिशव्यांचं काम मिळालं. करडं जाड सुती कापड, त्याला काळी पट्टी आणि काळे बंद. नमुना गिऱ्हाइकाला फार आवडला होता. सगळ्या पिशव्या शिवून झाल्या. शेवटच्या दिवशी पाणी शिंपडून इस्त्री करायला घेतली, आणि काळ्या पट्टीचा रंग करड्या कापडावर उतरला. बावीस पिशव्या वाया गेल्या. कापडाचे पैसे गेले, मजुरी गेली, आणि घरी काय सांगायचं हा प्रश्न वेगळाच. काळं कापड आधी पाण्यातून काढायचं, एवढं एकच काम राहिलं होतं. तेव्हापासून या दोन रंगांकडे मी नीट पाहायला शिकले.

करडा म्हणजे राखेचा रंग, काळा म्हणजे काजळाचा. दोघं एकाच घरातले. काळ्यात पांढरा मिसळत गेलं की करडा होतो. म्हणून हे दोन रंग एकमेकांशी भांडत नाहीत. पण एकाच घरातले असल्यामुळे ते एकमेकांत हरवूनही जातात. गडद करड्यावर काळी नक्षी काढली तर हातभर अंतरावरून ती दिसत नाही, मेहनत फुकट जाते. करडा निवडायचा तर काळ्यापासून चांगला उजळ निवडा. आणि निवड दुकानातल्या ट्यूबलाइटखाली करू नका. कापड दारात आणून उन्हात पाहा. कुठला करडा निळसर असतो, कुठला मातकट. ते उजेडातच कळतं.

यातली आपली सगळ्यात जुनी शाळा म्हणजे घोंगडी. दख्खनी मेंढीची लोकर मुळात काळी, करडी, कुठे पांढरट असते. रंग न लावता नुसती लोकर निवडून, वेगवेगळी कातून धनगर आणि सनगर घरांतून घोंगड्या तयार होत आल्या आहेत. उभ्या धाग्यांना चिंचोक्याची खळ लावतात, म्हणून नवी घोंगडी कडक लागते. साधी काळी घोंगडी पाहा. अंग सगळं काळं, आणि किनारीला फिकट रंगाचे थोडेच पट्टे. एक रंग जास्त, दुसरा कमी. निम्मा-निम्मा नाही. निम्मे-निम्मे केले की नजर कुठे थांबावी ते कळत नाही. पिशवी असो, उशीचा अभ्रा असो की गोधडी, दोन वाटे करडा आणि एक वाटा काळा, किंवा उलट, असं धरून चला. मग चिमूटभर तिसरा रंग द्या. हळदीसारखा पिवळा किंवा कुंकवासारखा लाल, तोही टाक्यापुरता किंवा गोंड्यापुरता. त्यानेच वस्तू जिवंत होते.

गोधडीसाठी जुन्या काळ्या साड्या घेत असाल तर एक लक्षात ठेवा. धुऊन विटलेला काळा आणि नवा काळा शेजारी आले की जुना एकदम मळका दिसतो. दोघांच्या मध्ये करड्याची पट्टी घाला, फरक खुपत नाही.

आता घरात या. आपल्या स्वयंपाकघरात हे दोन रंग कधीच येऊन बसले आहेत. खाली शहाबादी फरशी करडी, वर कडप्प्याचा ओटा काळा. शहाबाद कर्नाटकात कलबुर्गी जिल्ह्यात, कडप्पा आंध्र प्रदेशात, त्या गावांवरून ही नावं पडली. दोन्ही दगड चुनखडीचे आहेत. चुनखडीला आंबट सोसत नाही. लिंबू, चिंचेचं पाणी ओट्यावर सांडून राहिलं की काळ्या दगडावर फिकट डाग पडतो. तो मळ नसतो. आंबटाने दगडाचा वरचा थरच खाल्लेला असतो, म्हणून कितीही घासलं तरी जात नाही. सांडलं की लगेच पुसा. संडास धुवायचं ॲसिड तर या फरशीवर अजिबात ओतू नका. ओटा फिकट दिसायला लागला असेल तर खोबरेल तेलाचा हात पुसून घ्या, काही दिवस काळा दिसतो.

काळा ओटा आणि करडी फरशी असली की उजेड कमी वाटतो, कारण गडद रंग उजेड पिऊन टाकतात. अशा खोलीत भिंतीही करड्या केल्या तर भर दुपारी दिवा लावावा लागेल. भिंत आणि छत पांढरं ठेवा. चुन्यात काळा रंग मिसळून करडा करायचाच असेल तर खालच्या दोन-अडीच फुटांपुरता करा, तिथेच हात आणि पाणी लागून भिंत मळते. ओला चुना गडद दिसतो आणि वाळला की उजळतो. म्हणून आधी कोपऱ्यात हातभर लावून, पूर्ण वाळू देऊन मगच ठरवा.

आणि एक काम नुसतं शोभेचं नाही. करड्या पायऱ्या संध्याकाळी एकसारख्या दिसतात. म्हाताऱ्या माणसांना कड कळत नाही आणि पाय चुकतो. पायरी उजळ करडी असेल तर कडेला दोन बोटं रुंद काळा पट्टा ओढा. रंग खरखरीत घ्या, गुळगुळीत घेतला तर पाय घसरेल.

काळा रंग अशुभ, असं कुणी म्हणेल. पण मंगळसूत्राचे मणी काळे, बाळाची तीट काळी आणि संक्रांतीची चंद्रकळाही काळीच. काळं कापड ऊन धरून ठेवतं, म्हणून जानेवारीच्या थंडीत ते उबदार लागतं. तरीही गिऱ्हाइकाशी वाद घालू नका. लग्नाच्या आहेराला वेगळ्या रंगाची वस्तू दाखवा, आणि काळी-करडी रोजच्या वापराला ठेवा. तिथे ती मळखाऊ म्हणून खपतेच.

शेवटी, आमची चूक तुमच्याकडून होऊ नये म्हणून सांगते. काळ्या कापडाचा तळहाताएवढा तुकडा घ्या. पांढऱ्या सुती तुकड्यात गुंडाळून साबणाच्या कोमट पाण्यात अर्धा तास ठेवा, पिळा, तसाच गुंडाळलेला वाळवा. पांढऱ्यावर डाग दिसला तर सगळं कापड पाणी स्वच्छ निघेपर्यंत धुवा, सावलीत वाळवा आणि पुन्हा तपासा. तरीही रंग सुटत असेल तर ते कापड करड्यासोबत वापरू नका. म्हणून तपासणी पूर्ण तागा घेण्याआधी, मीटरभर कापड आणूनच करावी. करडं कापडही एकदा धुऊन घ्या, म्हणजे दोन्ही आधीच आटतील आणि शिलाई नंतर ओढणार नाही. या धुण्याला लागणारा दिवस आणि साबण पिशवीच्या किमतीत धरा. आम्ही आता धरतो. पुढच्या बैठकीत कात्री लावण्याआधी एक पाण्याची बादली मध्ये ठेवा.