शब्दांच्या रोममधली सत्तेची शिडी

रोमन राजकारणावरच्या मजकुरी ऑनलाइन खेळांत भाषण हेच हत्यार. खेळाडू एक पात्र घेतो, सिनेटसाठी भाषणं लिहितो, मतं जमवतो आणि एकेक पद चढत जातो. ही शिडी कल्पनेतली नाही. रोमचा हुकूमशहा सुल्ला याने इ.स.पू. ८१च्या सुमारास ती कायद्याने पक्की केली होती.

● क्वेस्टर : २० जण, किमान वय ३०. खजिन्याचा हिशेब. पदाबरोबरच सिनेटमध्ये प्रवेश.

● ईडाइल : ४ जण. रस्ते, बाजार, धान्य आणि सार्वजनिक खेळ. पद सक्तीचं नव्हतं, पण लोकप्रियता मिळवून देणारं.

● प्रेटर : ८ जण, किमान वय ३९. मुख्य काम न्यायदान.

● कॉन्सल : २ जण, किमान वय ४२. सर्वोच्च पद, दोघं एकमेकांचा निर्णय रोखू शकत.

● ट्रिब्यून : शिडीबाहेरचे १० जण, प्लेबियन म्हणजे सामान्य जनतेचे रक्षक. त्यांचा नकाराधिकार म्हणजे ‘व्हेटो’. लॅटिनमध्ये अर्थ ‘मी मनाई करतो’.

या सगळ्या पदांची मुदत एकच वर्ष. घराण्यात आधी एकही सिनेटर नसताना सिसेरो इ.स.पू. ६३मध्ये कॉन्सल झाला, तो मुख्यतः वक्तृत्वाच्या बळावर. लिहून खेळायच्या खेळाला रोम इतकं शोभतं, ते म्हणूनच.