छोट्या आगबोटींचा मोठा प्रश्न : बॉयलर

१८९८ साली पर्सिव्हल मार्शल यांनी इंग्लंडमध्ये ‘मॉडेल इंजिनिअर’ हे मासिक सुरू केले. त्याच सुमारास थेम्सकाठच्या हेन्लीजवळ स्टुअर्ट टर्नर यांचे छोटे वाफेचे इंजिन आकाराला आले. पुढे त्यांच्या इंजिनांचे ओतीव भाग विकत मिळू लागले. हौशी माणसाने ते आणायचे, घरच्या लेथवर कातायचे आणि इंजिन स्वतः जुळवायचे. १९०४ मध्ये पूर्व लंडनच्या व्हिक्टोरिया पार्कात मॉडेल आगबोटींचा क्लब स्थापन झाला आणि अशा इंजिनांना हक्काचे तळे मिळाले.

नवख्याचा जीव इंजिनावर जडतो, कारण हलणारे, चकाकणारे सगळे तिथेच असते. बोट चालते मात्र बॉयलरच्या जोरावर. आपल्याकडे जत्रेत मिळणारी, दिव्याच्या ज्योतीवर फटफट करत पळणारी पत्र्याची बोटच पाहा. थॉमस पिओ यांनी १८९१ मध्ये ब्रिटनमध्ये अशा बोटीचे पेटंट घेतले. तिच्यात इंजिन नाहीच. एवढासा बॉयलर आणि पाण्यात उघडणाऱ्या नळ्या, एवढेच.

इंजिन आले की हिशेब आलाच. स्टुअर्टच्या ‘१० व्ही’ या लोकप्रिय इंजिनाच्या सिलिंडरचा व्यास पाऊण इंच, स्ट्रोकही पाऊण इंच. वाफ दट्ट्याच्या दोन्ही बाजूंनी येते, म्हणजे एका फेऱ्यात सुमारे ११ घन सेंटिमीटर वाफ लागते. मिनिटाला ५०० फेरे आणि दोन बार दाब धरला, तर दर मिनिटाला निदान ९ ग्रॅम पाण्याची वाफ व्हायला हवी. थंड सिलिंडरात विरणारी वाफ वेगळीच. ‘डबल टेन’मध्ये असे दोन सिलिंडर असतात. त्यांचे क्रँक एकमेकांशी काटकोनात असल्याने ते कुठल्याही स्थितीत आपोआप सुरू होते. एका सिलिंडरचे इंजिन अडले तर चाकाला हात लावावा लागतो. पण या सोयीसाठी वाफ दुप्पट लागते, आणि ती पुरवणे बॉयलरच्या माथी येते.

म्हणून खरी उलथापालथ झाली ती जाळात. आधी स्पिरिटचे दिवे होते, मग दाबाने पेटणारे रॉकेलचे ब्लोलॅम्प आले. वेगाच्या शर्यतींसाठी तर बॉयलरचे भांडेच गेले: तापून लाल झालेल्या पोलादी नळीच्या वेटोळ्यात पंपाने पाणी सोडायचे, की त्याची तत्क्षणी वाफ. पुढे ब्यूटेन गॅस आला, ज्योत आवरणे सोपे झाले आणि रेडिओ कंट्रोलने बोट तळ्याच्या मध्यावरही ताब्यात राहू लागली.

बॉयलरचा आकार ठरवते ती बोट. रुंद, उघड्या लाँचमध्ये उभा बॉयलर शोभतो. अरुंद बोटीत तोच वजन वर नेतो आणि बोट कलते. तिथे आडवा, मधून धुराची नळी गेलेला बॉयलर बरा. धातू तांबेच हवा, सांधे चांदीच्या डाखाचे. पितळेतले जस्त गरम पाण्यात हळूहळू निघून जाते आणि धातू ठिसूळ होतो.

नियमही कडक झाले. ब्रिटनमध्ये नव्या बॉयलरची चाचणी थंड पाण्याने, कामाच्या दाबाच्या दुप्पट दाबावर होते. नंतरच्या चाचण्या दीडपट दाबावर. दाब आणि धारणक्षमता यांचा गुणाकार तीन बार-लिटरपर्यंत असलेल्या बॉयलरसाठी वेगळी नियमावली आहे, आणि मॉडेल बोटींचे बहुतेक बॉयलर तिच्यातच बसतात. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या वाफेतले तेल पाण्यावर तरंगू नये म्हणून धुराड्याआधी तेल अडवणारी टाकीही बसवतात. बोटीचा आराखडा काढताना तिच्यासाठी जागा आधीच राखून ठेवावी लागते.