नगर रस्त्यावरची साधना

जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबादेत, म्हणजे आजच्या धाराशिवात, ९३वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले. अध्यक्ष होते वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो. त्यांची निवड जाहीर झाल्यावर काहींनी विरोध केला, उद्घाटक ना. धों. महानोरांवरही दडपण आणून पाहिले. पण संमेलन झाले आणि चांगले झाले. आमच्या धाराशिव जिल्ह्यात ख्रिस्ती वस्ती तुरळक. फादर म्हटले की डोळ्यांपुढे येतो तो हिंदी सिनेमातला पांढऱ्या झग्यातला माणूस, नाहीतर एखाद्या कॉन्व्हेंट शाळेचा कडक मुख्याध्यापक. ‘सुवार्ता’ मासिकाचे संपादन करणारा, ‘सुबोध बायबल’ लिहिणारा, वसईच्या हिरवाईसाठी रस्त्यावर उतरणारा धर्मगुरू अनेकांनी पहिल्यांदाच जवळून पाहिला. असा माणूस मुळात घडतो कुठे, हा प्रश्न तेव्हा मंडपात फारसा कुणी विचारला नाही. विचारायला हवा होता.

कारण आपल्याकडे पौरोहित्य बहुधा घरातून येते. तुळजापुरात देवीची सेवा भोपे घराण्यांकडे आहे, ती जन्माने मिळते. शिकून घेण्याची परंपरा आहे ती कीर्तनकारांची. विष्णुबुवा जोगांनी १९१७ साली आळंदीत वारकरी शिक्षण संस्था काढली, आणि मराठवाड्यातल्या कितीतरी गावांचे महाराज तिथेच तयार झाले. कॅथलिक धर्मगुरूंचे गणित याच्याही पुढचे. ते ब्रह्मचारी असतात, त्यामुळे वारसाहक्काचा प्रश्नच येत नाही. प्रत्येक पिढीला मुले नव्याने शोधायची, पारखायची, दहा-दहा वर्षे शिकवायची. त्यातली काही मधेच घरी परततात, आणि परत जाण्याची मोकळीकही ठेवावी लागते. या कामासाठी भारतात ज्या संस्था आहेत त्यांतली एक अत्यंत महत्त्वाची संस्था पुण्यात आहे : नगर रस्त्यावर, रामवाडीत. तिचे नाव ज्ञानदीप विद्यापीठ.

विद्यापीठ म्हटले तरी ते सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठासारखे नव्हे. इथल्या तत्त्वज्ञान आणि ईशज्ञान (थिऑलॉजी) या शाखांच्या पदव्या व्हॅटिकनच्या मान्यतेने दिल्या जातात. संस्था जेज्वीट म्हणजे येशूसंघी फादर चालवतात, पण विद्यार्थी केवळ त्यांचे नसतात. धर्मप्रांतांतून आलेले विद्यार्थी आवारातल्या पेपल सेमिनरीत राहतात, जेज्वीट विद्यार्थी शेजारच्या डी नोबिली कॉलेजात, आणि इतर संघांचे विद्यार्थी आपापल्या निवासांत. सिस्टर आणि प्रापंचिक माणसेही वर्गात असतात. सकाळी वेगवेगळ्या घरांतून निघून सगळे एका व्याख्यानाला बसतात आणि संध्याकाळी आपापल्या प्रार्थनाघरात परततात.

या संस्थेचे मूळ मात्र पुण्यात नाही, भारतातही नाही. ते श्रीलंकेतल्या कँडीत आहे. १८९३ साली पोप लिओ तेरावे यांनी भारतासाठी धर्मगुरू घडवणारी सेमिनरी तिथे उभारली. युरोपातून येणाऱ्या मिशनऱ्यांवर हा देश कायम अवलंबून राहू नये, इथल्याच मुलांनी इथली धुरा घ्यावी, असा त्यामागचा विचार. इंग्रजी अमदानीत, १८९३ मध्ये, रोमहून असा विचार यावा याची नोंद आपल्या इतिहासाच्या पुस्तकांत क्वचितच सापडते. अर्थात हेतू स्वदेशी असला तरी शिक्षण सारे लॅटिनमधून. केरळातला, गोव्यातला, छोटा नागपुरातला मुलगा समुद्र ओलांडून कँडीला जायचा आणि लॅटिनमध्ये तर्कशास्त्र घोकायचा. १९२६ साली संस्थेला पदव्या देण्याचा अधिकार मिळाला. पुढे भारत आणि सिलोन हे दोन स्वतंत्र देश झाले, भारतीय विद्यार्थ्यांना तिथे ठेवणे अवघड होऊ लागले आणि १९५५ साली सगळा पसारा पुण्यात आला.

शहराच्या मध्यावरून पाहिले तर रामवाडी तेव्हा लांबच होती. आता पलीकडे विमाननगर आहे, आयटीच्या काचेच्या इमारती आहेत, आणि मार्च २०२४ पासून मेट्रोचे रामवाडी स्थानकही आहे. रोज हजारो माणसे या भागातून ये-जा करतात. फाटकाच्या आत शंकराचार्यांवर प्रबंध लिहिले जातात, याचा त्यांना पत्ता नसतो.

आतल्या दिवसाला एक घट्ट चौकट आहे. पहाटे मौनात ध्यान, मग मिस्सा म्हणजे सामूहिक ख्रिस्ती उपासना, नाश्ता, वर्ग, दुपारी आणि रात्री आत्मपरीक्षण, संध्याकाळी पुन्हा प्रार्थना. आत्मपरीक्षण म्हणजे दिवस कसा गेला हे देवासमोर बसून तपासणे : कुठे आभार मानावेत, कुठे घसरलो, उद्या काय सुधारायचे. चार-पाच शतकांपूर्वी इग्नेशियस लोयोला यांनी घालून दिलेली ही शिस्त जेज्वीट आजही पाळतात. त्यांच्या संघात शिरताना आणि शिक्षणाच्या शेवटाकडे, असे आयुष्यात दोनदा, तीस दिवसांचे एकांतव्रत असते. त्या महिन्यात बोलणे मार्गदर्शकाशी तेवढेच. दरवर्षी आठ दिवसांचा एकांतवास वेगळा. अभ्यासक्रम साधारण असा : तीनेक वर्षे तत्त्वज्ञान, मग एखाददोन वर्षे बाहेर शाळेत किंवा खेड्यात काम, मग तीन-चार वर्षे ईशज्ञान. तत्त्वज्ञानात अॅरिस्टॉटल आणि थॉमस अॅक्वायनस असतात तसे उपनिषदे, गीता आणि बौद्ध दर्शनही असते.

इतर कॅथलिक महाविद्यालयांत विद्यार्थ्यांच्या आध्यात्मिक गरजांसाठी एखादा फादर नेमलेला असतो. मुंबईचे सेंट झेविअर्स घ्या. १८६९ साली जर्मन जेज्वीटांनी ते सुरू केले, आणि आज तिथले बहुसंख्य विद्यार्थी कॅथलिक नाहीत. मिस्सा आणि एकांतवास हवा त्याला, समाजसेवेचे तास मात्र सर्वांना, असा तोल तिथे साधावा लागतो. १९२४ साली मद्रासेत सुरू झालेली कॅथलिक विद्यार्थ्यांची अखिल भारतीय संघटना याच कामासाठी निघाली. रामवाडीत असा नेमलेला फादर शोधून सापडणार नाही, कारण इथे विद्यार्थीच उद्याचे फादर. सुट्टीच्या दिवशी ते आवाराबाहेर पडतात : वस्त्यांत, रुग्णालयांत, आसपासच्या चर्चमध्ये लहान मुलांना धर्मशिक्षण द्यायला. आठवडाभर वाचलेले ईशज्ञान रविवारी एखाद्या पत्र्याच्या घरात कितपत टिकते, हे तिथेच कळते. माझ्या मते या शिक्षणाचा सर्वांत प्रामाणिक पेपर हाच, आणि त्याला गुण नसतात.

इथल्या माणसांविषयी सांगायचे तर रिचर्ड द स्मेट यांच्यापासून सुरुवात करावी. हे बेल्जियमचे जेज्वीट, जन्म १९१६. शंकराचार्यांच्या विचारपद्धतीवर त्यांनी १९५३ साली रोममध्ये प्रबंध सादर केला आणि मग पुण्यात शिकवण्यात आयुष्य घालवले. शंकराचार्य केवळ तर्ककठोर तत्त्वज्ञ नव्हेत, तर श्रुतीचा अर्थ लावणारे ईशज्ञानी आहेत, असे ते मांडत. ख्रिस्ती विद्यार्थ्यांसाठी हिंदू धर्माची ओळख करून देणारे एक पुस्तकही त्यांच्या पुढाकाराने तयार झाले. आपल्याला जवळची वाटावी अशी गोष्ट म्हणजे दे. द. वाडेकरांनी संपादित केलेल्या मराठी तत्त्वज्ञान महाकोशात द स्मेट यांच्या नोंदी आहेत. महाकोश आज कुणी फारसा उघडत नाही, त्यामुळे हे लक्षात येत नाही.

योसेफ नॉयनर ऑस्ट्रियाचे. १९३८ साली भारतात आले आणि युद्ध सुरू झाल्यावर शत्रुराष्ट्राचे नागरिक म्हणून इंग्रज सरकारने त्यांना नजरकैदेत टाकले. पुढे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत, म्हणजे कॅथलिक धर्माध्यक्षांच्या जागतिक सभेत, ते तज्ज्ञ सल्लागार होते. अन्य धर्मांविषयी कॅथलिक चर्चची भूमिका १९६५ नंतर मोकळी झाली, त्यामागे भारतात राहून विचार करणाऱ्या अशा माणसांचा अनुभव होता. पण नॉयनर यांचे नाव जगभर झाले ते वेगळ्याच कारणाने. १९६०च्या सुमारास मदर तेरेसा अंतर्बाह्य अंधारात होत्या. देव जवळ नाही, ही जाणीव त्यांना वर्षानुवर्षे पोखरत होती. नॉयनर यांनी त्यांना सांगितले की हा अंधार म्हणजे तुमची चूक नव्हे, तो तुमच्या कामाचाच एक भाग आहे. त्यानंतर त्या अंधाराकडे त्या वेगळ्या नजरेने पाहू लागल्या. २००७ साली त्यांची पत्रे पुस्तकरूपाने आली तेव्हा जग चकित झाले, पुण्यातला हा वृद्ध प्राध्यापक मात्र चकित झाला नसावा. नॉयनर २००९ साली पुण्यातच वारले, वयाच्या १०१व्या वर्षी.

आणि अँथनी डिमेलो. मुंबईत १९३१ साली जन्म. पुण्यात त्यांनी ‘साधना’ ही संस्था सुरू केली, ती पुढे लोणावळ्याला गेली. फादर-सिस्टरांना प्रार्थना शिकवण्याची गरज काय, असे कुणाला वाटेल. डिमेलोंचे निरीक्षण उलट होते : प्रार्थना म्हणणारे पुष्कळ, प्रार्थना करता येणारे थोडे. त्यांनी मानसशास्त्र आणले, श्वासावर लक्ष ठेवणे आणले, शरीरातल्या संवेदना नुसत्या पाहत बसायला शिकवले. एका बौद्ध शिबिरात तासन्तास श्वास पाहत बसल्याचा अनुभव त्यांनी आपल्या पुस्तकात मोकळेपणाने सांगितला आहे. सूफी, झेन, हसिदी, हिंदू – कुठलीही गोष्ट त्यांना वर्ज्य नव्हती. १९८७ साली न्यूयॉर्कमध्ये त्यांचे अकस्मात निधन झाले. मृत्यूनंतर अकरा वर्षांनी, १९९८ साली, व्हॅटिकनने इशारा दिला की त्यांच्या काही मतांचा कॅथलिक श्रद्धेशी मेळ बसत नाही. पुस्तके खपायची थांबली नाहीत. मला या प्रकरणात व्हॅटिकनचे म्हणणे अगदीच अनाकलनीय वाटत नाही. सगळ्या विहिरींचे पाणी पिणाऱ्याला आपली विहीर कोणती, असे घरचे लोक कधीतरी विचारणारच. पण डिमेलोंनी ज्यांना गप्प बसायला शिकवले त्यांचे काही वाईट झाले, असेही दिसत नाही.

यांच्या तुलनेत जॉर्ज सोआरिस-प्रभू यांचे नाव मराठीत जवळजवळ अनोळखी आहे, आणि खरे तर आपल्याला सर्वांत उपयोगी तेच. ते बायबलचे अभ्यासक. युरोपीय विद्वान बायबलची चिकित्सा करतात ती ग्रंथालयात बसून, मग भारतातल्या भुकेल्या आणि जातीने दडपलेल्या माणसाने तोच ग्रंथ कसा वाचावा, हा त्यांचा प्रश्न. येशूने नियमांची यादी दिली नाही, एक धर्म दिला, आणि तो माणसामाणसातल्या भिंती पाडणारा आहे, असे ते मांडत. १९९५ साली रस्त्यावरच्या अपघातात ते गेले. त्यांचे बरेचसे लेखन मित्रांनी आणि विद्यार्थ्यांनी मागाहून ग्रंथरूपात आणले.

ही चार नावे एकत्र पाहिली की संस्थेचा प्रवास दिसतो. लॅटिनपासून सुरुवात, मग संस्कृताकडे, मग ध्यानाकडे, शेवटी दलित-आदिवासींकडे. १९६९ साली रोमने भारतीय मिस्सेत आरती, पादत्राणे काढणे, जमिनीवर बसणे, हात जोडून नमस्कार अशा बारा गोष्टींना परवानगी दिली तेव्हा या बदलाला अधिकृत दार मिळाले. काही ख्रिस्ती मंडळींनी त्याला ब्राह्मणीकरण म्हणून नाके मुरडली, आणि काही हिंदू मंडळींनी हा धर्मांतराचा डाव आहे म्हणून. दोन्हीकडून टोले खाणे हे या संस्थेच्या नशिबीच आहे. तिच्या एका घराला नावच ज्या रॉबर्ट डी नोबिली यांचे, त्या सतराव्या शतकातल्या इटालियन जेज्वीटाने मदुरैत भगवी वस्त्रे घातली आणि रोमला आपली बाजू पटवून देण्यात कित्येक वर्षे घालवली.

एक गोष्ट मात्र खटकते आणि ती बोलून दाखवली पाहिजे. या सगळ्या वाटेवर मराठी कुठे आहे? विद्यापीठाचे माध्यम इंग्रजी. कारण उघड आहे, नागालँड, झारखंड, तामिळनाडू, केरळ अशा ठिकाणांहून मुले येतात, त्यांना दुसरी समान भाषा नाही. तरीही याच येशूसंघाच्या थॉमस स्टीफन्स यांनी १६१६ साली गोव्यात, रायतूरला, मराठी ओवीबद्ध ‘ख्रिस्तपुराण’ छापले होते. चारशे वर्षांपूर्वी एका इंग्रजाला जे करावेसे वाटले, ते पुण्यात सात दशके राहिलेल्या संस्थेने नेटाने पुढे न्यायला हवे होते. द स्मेट यांच्या महाकोशातल्या नोंदी हा अपवाद, आणि तो अपवादच राहिला. रामवाडीहून आळंदी दूर नाही. एकीकडे ज्ञानेश्वरी पाठ करणारी मुले, दुसरीकडे शंकरभाष्य वाचणारी, दोघांचेही वय तेच आणि दोघेही घरदार सोडून आलेले. त्यांनी एकमेकांच्या वर्गात एखादा महिना जरी बसावे असे मला मनापासून वाटते.

दोष केवळ त्यांचा नाही. मराठी वाचक संतसाहित्यावरची शेकडो पुस्तके विकत घेतो, डिमेलोंच्या गोष्टी व्हॉट्सअॅपवर नावाशिवाय वाचतो, आणि त्या गोष्टी सांगणारा माणूस पुण्यातल्या कुठल्या आवारात राहत होता हे त्याला ठाऊक नसते. एखाद्या मराठी प्रकाशकाने सोआरिस-प्रभूंच्या निवडक निबंधांचा चांगला अनुवाद काढायला हरकत नाही. ज्या धाराशिवाने दिब्रिटोंना अध्यक्ष म्हणून मान दिला, तिथल्या ग्रंथालयांनी तो पहिल्यांदा मागवावा.