रखवाली आणि वाटमारी : एका ग्रामव्यवस्थेचा शब्दार्थ

छत्रपती संभाजीनगराहून (पूर्वीचे औरंगाबाद) कन्नडमार्गे चाळीसगावकडे जाणारा रस्ता सातमाळ्याच्या डोंगरातून ज्या घाटाने खानदेशात उतरतो, त्यास कन्नडचा घाट म्हणतात. औट्रम घाट हे त्याचेच दुसरे नाव. जेम्स औट्रम या इंग्रज अधिकाऱ्याने 1825 साली धरणगाव येथे भिल्लांची पलटण उभारण्यास प्रारंभ केला. ज्यांच्या भयाने वाटसरू घाट चढण्यास धजत नसत, त्यांच्याच हाती मुलखाच्या बंदोबस्ताचे काम देण्यात आले. यातील विरोध वरवरचा आहे. ‘रखवाली’ या शब्दामागील व्यवस्था लक्षात घेतली म्हणजे तो सहज उलगडतो.

पेशवाईच्या अखेरपर्यंत गावच्या बंदोबस्ताची जबाबदारी पाटलावर असे आणि प्रत्यक्ष पहारा जागल्याकडे असे. ‘जागणे’ या धातूपासून सिद्ध झालेले हे नामच त्याचे कर्तव्य सांगते. खानदेशात हे काम बहुधा भिल्लांकडे, तर पुणे व सातारा प्रांतांत रामोश्यांकडे असे. चोरी झाल्यास जागल्याने माग काढावा. माग शेजारच्या गावाच्या शिवेत शिरला, तर तो त्या गावाच्या स्वाधीन करावा. आणि ज्या गावात माग संपेल, त्या गावाने जबाब द्यावा, असा रिवाज होता. संस्कृत ‘मार्ग’ या शब्दापासून आलेल्या ‘माग’ या शब्दाने मराठीत वाटेऐवजी वाटेवर उमटलेल्या पावलाची खूण असा अर्थ धारण केला आहे. या सेवेबद्दल जागल्यास धान्य, जमीन अथवा रोकड रकमेच्या रूपाने हक्क मिळत. रखवाली हे अशा रीतीने एकाच वेळी कर्तव्यही होते आणि हक्कही होता.

इंग्लंडातील जुनी व्यवस्था या दृष्टीने तुलना करण्याजोगी आहे. 1285 च्या विंचेस्टरच्या कायद्यान्वये वाटमारी झाल्यास सर्वांनी हाकाटी करून चोराचा पाठलाग करावयाचा असे. चोर न सापडल्यास त्या टापूतील रहिवाशांनी नुकसान भरून द्यावयाचे असे. हमरस्त्याच्या दोन्ही बाजूंची झुडपे 200 फुटांपर्यंत तोडण्याची आज्ञाही त्यात होती. परंतु तेथील पॅरिशचा कॉन्स्टेबल हा सामान्यतः वर्षभरापुरता नेमलेला, बिनपगारी आणि पुष्कळदा नाखूश असा गावकरी असे. वाटमारीच्या भरपाईचे हे सामुदायिक दायित्व 1827 मध्ये रद्द झाले. 1839 च्या कायद्याने परगण्यांना पगारी पोलिस ठेवण्याची मुभा मिळाली आणि 1856 मध्ये ते सक्तीचे झाले. इंग्रज गावकऱ्याच्या खांद्यावरून एक ओझे उतरले. मराठी मुलखात मात्र रखवालीला धक्का लागला, तेव्हा ओझ्याबरोबर उपजीविकाही गेली.

हा धक्का कंपनी सरकारच्या आधीच बसू लागला होता. 1803-04 चा दुष्काळ आणि त्या सुमारास झालेली लुटालूट यांमुळे खानदेशातील अनेक गावे ओसाड पडली. गावच नाहीसे झाले, तेव्हा जागल्याचा हक्क कोणी द्यावा? भिल्ल डोंगरात शिरले आणि पूर्वी राखलेल्या वाटाच लुटू लागले. 1818 नंतर डोंगरी किल्ल्यांवरील शिबंदी मोडण्यात आली; तिच्यावर पोट असलेले रामोशीही निराधार झाले.

उमाजी नाईक (1791-1832) यांचे चरित्र या संदर्भातच वाचावयास हवे. पुरंदर परिसरातील भिवडीचा त्यांचा जन्म. किल्ल्याच्या रखवालीचा रामोश्यांचा हक्क दुसऱ्या बाजीरावाच्या काळातच संकटात आला होता. 1826 च्या सुमारास उमाजींनी उठाव केला. सरकारने त्यांस एकदा माफी देऊन बंदोबस्ताच्या कामावर घेतले. पुढे ते पुन्हा डोंगरात गेले, पकडले गेले आणि 1832 मध्ये पुण्यात फाशी गेले. त्यांच्या पाठलागावर असलेल्या अलेक्झांडर मॅकिंटॉश याने 1833 मध्ये रामोश्यांवर ग्रंथ लिहिला. ‘नाईक’ हे पद रखवालदारांच्या प्रमुखाचेही होते आणि बंडखोर टोळीच्या म्होरक्याचेही. येथे शब्द दोन नव्हते, माणसेही दोन नव्हती. हक्क चालू आहे की तुटला, एवढाच भेद होता.

पुढील कायद्याने हा भेद पुसून टाकला. 1871 चा गुन्हेगार जमाती कायदा 1911 च्या सुधारणेनंतर मुंबई इलाख्यासही लागू झाला. माणसाने काय केले यापेक्षा तो कोणाच्या पोटी जन्मला, यावरून त्यास गुन्हेगार ठरविण्याचा मार्ग त्यामुळे मोकळा झाला. 1952 मध्ये हा कायदा रद्द झाला. रामोशी आज महाराष्ट्राच्या विमुक्त जातींच्या यादीत आहेत. ‘विमुक्त’ हे नावही त्या जुन्या शिक्क्याचीच आठवण वागवते.

एकोणिसाव्या शतकातील कागदपत्रांत भिल्ल, रामोशी ही नावे ‘चोर’, ‘लुटारू’ या शब्दांच्या जोडीने वारंवार येतात. ते कागद हक्क तुटल्यानंतरच्या काळाचे आहेत, हे अभ्यासकाने ध्यानात ठेवावे. ‘रखवालदार’, ‘जागल्या’, ‘माग’ हे शब्द त्याआधीच्या काळाची साक्ष देतात. ती साक्ष वगळून केलेला निवाडा एकतर्फी ठरेल.