पाण्याचा जग आणि आपलं जग

‘जगात असा जग मिळणार नाही.’

वाक्य साधं आहे. एक आपण राहतो ते जग, दुसरा पाण्याचा जग. मराठी माणूस हे झोपेतही बरोबर म्हणतो. पहिला ज दातांजवळ, दुसरा टाळूला. लिहिताना मात्र दोन्हीकडे तोच ज. परदेशात वाढणाऱ्या भाच्यासाठी मी मिनिटा-मिनिटाचे मराठीचे व्हिडिओ करायला घेतले आणि हौसेने हे वाक्य एआयच्या आवाजाकडून वाचून घेतलं. त्याने दोन्ही जग पाण्याचेच केले. आतून आईने विचारलं, “कोण रे हा? नुकताच आलाय का इकडे राहायला?”

यंत्राला दोष तरी काय द्यायचा? समोर लिहिलं होतं तेच त्याने वाचलं. आपणच लिहितो एक आणि बोलतो दुसरं, आणि हे आपल्याला आयुष्यभर कुणी सांगत नाही.

दोन वह्या

चहातला च टाळूला लागतो. चूल, चाक आणि चोर यांतला दातांना. पुढे इ, ई किंवा ए आला की बहुधा टाळूच: चिमणी, जीव, चेहरा. म्हणून ‘माझा’मधला झ वेगळा आणि ‘माझी’मधला वेगळा. घर एक, उंबरे दोन. ‘तो कुठे जात आहे?’ हे वाक्य माझ्या आवाजाने टाळूचा ज लावून म्हटलं आणि प्रवासाचा धडा एकदम समाजशास्त्राचा झाला.

यावर तोडगा म्हणून मी दोन वह्या ठेवतो. एक डोळ्यांसाठी, म्हणजे पडद्यावर दिसणारी अक्षरं. दुसरी कानासाठी, म्हणजे आवाजाला खाऊ घालायची. पडद्यावर ‘चूल’, आवाजाला ‘त्सूल’. पडद्यावर ‘ज्ञान’, आवाजाला ‘द्न्यान’, नाहीतर तो हिंदीच्या वळणाने ‘ग्यान’ पाजळतो. ‘सिंह’ला ‘सिंव्ह’, ‘संस्था’ला ‘सौंस्था’, ‘ऋषी’ला ‘रुषी’. ‘घरं बांधली’ला पहिल्या दिवशी ‘घरम् बांधली’ असं ऐकू आलं, जणू शांतिपाठच चालू आहे. तिथे ‘घरऽ’ लिहिलं. ही दुसरी वही एखाद्या मराठीच्या बाईंच्या हाती लागली तर लाल शाईची बाटली संपेल. पण कानाला ती पहिल्या वहीपेक्षा जास्त शुद्ध आहे, एवढं मी छातीठोकपणे सांगतो.

उलट गंमतही आहे. ‘आचार्यांना बोलवा’ आणि ‘आचाऱ्यांना बोलवा’ यांत लिहिताना फरक स्पष्ट आहे. एकात डोक्यावर रफार, दुसऱ्यात चंद्रकोरीसारखा अर्धा र. एक गुरुजी, दुसरा स्वयंपाकी. माझ्या आवाजाला दोघेही सारखेच. लग्नघरी असं झालं तर मंगलाष्टकं कोण म्हणणार आणि जिलबी कोण तळणार, हा प्रश्नच आहे.

लेदरच्या फुप्फुसापासून

यंत्राला बोलायला शिकवण्याचा नाद एआयपेक्षा फार जुना आहे. फोन केंपेलेन नावाच्या गृहस्थाने १७९१ साली आपल्या बोलक्या यंत्रावर पुस्तकच लिहिलं. भाता हे फुप्फुस, कंप पावणारी पट्टी हा गळा, आणि हाताने दाबून आकार द्यायचं तोंड. बुद्धिबळ खेळणारा तुर्की पुतळाही याच माणसाचा, ज्याच्या पेटीत खरा खेळाडू दडून बसायचा. बोलकं यंत्र मात्र अस्सल होतं.

१९३९च्या न्यूयॉर्क जागतिक मेळ्यात बेल लॅब्जने ‘व्होडर’ मांडला. बटणं, मनगटाखाली पट्टी आणि सुरासाठी पायाखाली पेडल. बाजाच्या पेटीसारखं वाजवून वाक्यं काढायची. ते नीट जमायला तो वाजवणाऱ्या बायकांना साधारण वर्षभर रियाज करावा लागे. १९६१ मध्ये त्याच बेल लॅब्जमधल्या आयबीएम ७०४ संगणकाने ‘डेझी बेल’ हे गाणं म्हटलं. ते ऐकणाऱ्यांत आर्थर सी. क्लार्क होते, आणि ‘२००१ : अ स्पेस ओडिसी’मधला हाल नावाचा संगणक शेवटी तेच गाणं गातो. स्टीफन हॉकिंग यांचा तो सुप्रसिद्ध आवाज एमआयटीचे डेनिस क्लॅट यांच्या स्वतःच्या आवाजावर बेतलेला होता. आणि सुझन बेनेट यांनी २००५च्या जुलैत तासन् तास वाक्यं रेकॉर्ड केली. आपण आयफोनमधली ‘सिरी’ झालो आहोत हे त्यांना २०११ मध्ये कळलं.

आपल्याकडे? मायक्रोसॉफ्टच्या यादीत मराठीला दोन आवाज आहेत, एक बाई आणि एक पुरुष. नावं आरोही आणि मनोहर. मला हे वाचून उगाच घरचं वाटलं. मनोहरकाका खुर्चीत बसून पेपर वाचतायत असं डोळ्यांसमोर येतं. (माझा तो पाण्याच्या जगवाला दुसऱ्याच दुकानातला, त्याचं नाव काढत नाही.)

मी जाते, म्हणाला मनोहर

इंग्रजी धड्यात आवाज कुणाचाही चालतो. मराठीत मिशीवाल्या आवाजाने ‘मी बाजारात जाते’ म्हटलं की धडा बुडाला. क्रियापद आवाजाशी जुळलंच पाहिजे, नाहीतर न्यू जर्सीतला मुलगा जन्मभर ‘मी आले’ म्हणत फिरेल. अपवाद कोल्हापूरकडचा. तिथे मुलीही बिनधास्त ‘मी आलो’ म्हणतात, तेव्हा तिथल्या मुलींसाठी मनोहरही चालून जाईल.

साडेएक वाजता भेटू

आकडे म्हणजे स्वतंत्र धमाल. ‘३.५ किलो’ लिहिलं की आवाज ‘तीन दशांश पाच’ म्हणणार. भाजीवाल्याला असं सांगून बघा. इथे ‘साडेतीन’ अक्षरांतच लिहायचं. आणि साडेतीन, साडेचार आहेत म्हणून साडेएक, साडेदोन नाहीत. तिथे दीड आणि अडीच. परक्या माणसाला हे समजावणं मला अजून जमलेलं नाही. त्यात एकोणतीस, एकोणचाळीस, एकोणऐंशी असं एक-एक उणं करत आलेली गाडी नव्व्याण्णवला येऊन ‘एकोणशंभर’ म्हणायला साफ नकार देते.

बालभारतीने २०१९ मध्ये दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘बावीस’च्या जोडीला ‘वीस दोन’ आणलं तेव्हा राज्यभर केवढा गदारोळ झाला होता. गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर यांनी मुलांना जोडाक्षरांचं ओझं कसं होतं ते परोपरीने सांगितलं. तेव्हा मीही नाक मुरडणाऱ्यांतला होतो. भाच्यासाठी २१ ते ९९चा व्हिडिओ करताना त्रेसष्ट, त्र्याहत्तर, त्र्याऐंशी, त्र्याण्णव एकापाठोपाठ ऐकले आणि बाईंची मनोमन माफी मागितली.

पत्ते टाळाच. ‘मु. पो. … ता. … जि. …’ यातल्या प्रत्येक टिंबावर माझा आवाज वाक्य संपलं समजून दम घेतो. ‘पु. ल.’ म्हणताना तर ‘पु’नंतर एवढा थांबला, की तो पुढे काही बोलणार आहे की नाही याचीच काळजी वाटली.

वेग कमी नको, श्वास द्या

नवख्याला समजावं म्हणून आपण आवाजाचा वेग उतरवतो. तो उतरला की स्वर रबरासारखे ताणले जातात आणि ‘शिर’ची ‘शीर’ होते. डोकं दुखतंय म्हणावं तर रक्तवाहिनी. त्यापेक्षा वेग जवळपास नेहमीचाच ठेवून वाक्यांमध्ये जागा सोडलेली बरी. दोन सेकंद शांतता, त्यात मूल वाक्य परत म्हणतं. मिनिटभरात पाच वाक्यं बसली तरी पुष्कळ. यूट्यूब शॉर्ट्स २०२०च्या सप्टेंबरात सगळ्यात आधी भारतातच सुरू झालं, आणि २०२४ पर्यंत त्याची मर्यादा जास्तीत जास्त ६० सेकंदांचीच होती. १५ ऑक्टोबर २०२४ पासून ती ३ मिनिटं झाली, पण सात वर्षांच्या मुलाची मर्यादा कुणी वाढवलेली नाही.

दुसऱ्याचा आवाज न विचारता उचलायचा नाही, हेही ओघाने आलं. कॅनडाच्या व्हॉइस आर्टिस्ट बेव्ह स्टँडिंग यांना टिकटॉकवर स्वतःचाच आवाज ऐकू आला, तेव्हा त्यांनी २०२१ मध्ये दावा ठोकला आणि प्रकरण तडजोडीने मिटलं.

मी मात्र घरातला आवाज विचारून घेतला. जगाचं वाक्य काही केल्या यंत्राला जमेना, म्हणून मोबाइल आईपुढे धरला. ती एका दमात म्हणाली, “जगात असा जग मिळणार नाही. आणि तो जग मोरीत कुणी नेऊन ठेवला?” दुसरं वाक्य कापायचं राहून गेलं.

रात्री भाच्याचा निरोप आला : “मामा, मोरी म्हणजे काय?”