दोन पट्ट्यांत मावलेल्या चार दिशा

१९७५ साली मुंबईच्या ‘मिनर्व्हा’त ‘शोले’ने प्रेक्षकांना ७० मिलिमीटरचं चित्र आणि सहा मार्गांचा ध्वनी दिला. त्या रुंद फिल्मवर चुंबकीय पट्ट्या होत्या. थाट मोठा, तसा खर्चही मोठा. प्रत्येक प्रतीवर आधी चुंबकीय लेप चढवायचा आणि मग आवाज मुद्रित करायचा. त्यामुळे हा ध्वनी मोजक्या शहरांतल्या मोजक्या चित्रपटगृहांपुरताच राहिला. बाकी सगळीकडे ३५ मिलिमीटरची साधी प्रत चाले. तिच्या कडेला जेमतेम अडीच मिलिमीटर जागेत, प्रकाशाने वाचला जाणारा एकच आवाज असे.

त्याच वर्षी ब्रिटिश दिग्दर्शक केन रसेल यांचा ‘लिस्टोमेनिया’ आला. त्याच्या प्रतीत तेवढ्याच अडीच मिलिमीटरमध्ये दोन स्वतंत्र पट्ट्या बसवल्या होत्या. १९७६च्या ‘अ स्टार इज बॉर्न’मध्ये प्रेक्षकांच्या भोवतीचा आवाजही त्याच दोन पट्ट्यांत आला आणि १९७७च्या ‘स्टार वॉर्स’ने हे तंत्र जगभर नेलं. पट्ट्या दोन, दिशा मात्र चार : डावी, मधली, उजवी आणि भोवतालची. हे कोडं एकट्या गणिताने सुटलेलं नाही. अर्धं काम यंत्राने केलं, उरलेलं माणसाच्या कानाने.

बेरीज आणि वजाबाकी

चार मार्ग दोनांत मिसळण्याच्या या रीतीला मॅट्रिक्स म्हणतात. अमेरिकन संशोधक पीटर शायबर यांनी ती चार स्पीकरांच्या घरगुती रेकॉर्डसाठी मांडली होती. घरात त्या रेकॉर्ड टिकल्या नाहीत, पण डॉल्बी लॅबोरेटरीजने ही कल्पना चित्रपटगृहात आणली. या कंपनीचे संस्थापक रे डॉल्बी १९६३ ते १९६५ या काळात युनेस्कोचे सल्लागार म्हणून भारतात होते. इथून जाऊन त्यांनी लंडनमध्ये कंपनी काढली. ध्वनिपट्टी अरुंद झाली की खरखर वाढते. ती कमी करण्याचं डॉल्बी यांचं तंत्र हाताशी होतं, म्हणूनच एका पट्टीच्या दोन करणं परवडलं.

मिसळण्याचा नियम सोपा आहे. डावा आवाज डाव्या पट्टीत जातो, उजवा उजव्या. मधला आवाज दोन्हींत सारखा जातो, पण थोडा कमी करून : मूळ १० असेल तर प्रत्येकी ७. भोवतालचा आवाजही दोन्हींत ७-७ जातो, पण एका पट्टीतली त्याची लहर दुसरीच्या बरोबर उलट असते. एक वर जाते तेव्हा दुसरी खाली.

चित्रपटगृहातला डिकोडर या दोन पट्ट्यांची बेरीज करून मधल्या स्पीकरला देतो आणि वजाबाकी करून भिंतींवरच्या स्पीकरांना. बेरजेत उलट लहरी एकमेकींना खाऊन टाकतात, म्हणून भोवतालचा आवाज मध्ये येत नाही. वजाबाकीत सारख्या लहरी नाहीशा होतात, म्हणून संवाद मागे जात नाही.

अडचण शेजाऱ्यांची असते. फक्त डावीकडे १० इतका आवाज असला, तर बेरीज-वजाबाकीतून मध्ये आणि मागेही ७-७ झिरपतो. फरक अवघा ३ डेसिबलचा, आणि तेवढ्यात दिशा स्पष्ट होत नाही. दोन आकड्यांवरून चार अज्ञात संख्या काढता येत नाहीत, हे शाळेतलं बीजगणित इथे आडवं येतं.

वर्चस्व कोणाचं?

त्यावर उपाय म्हणून डिकोडरला निवड करायला शिकवलं गेलं. तो सतत दोन तुलना करतो : डावी पट्टी जोरात की उजवी, बेरीज मोठी की वजाबाकी. त्यावरून या क्षणी कोणत्या दिशेचं वर्चस्व आहे हे ठरतं. पडद्याच्या मध्यावर कुणी बोलत असेल, तर डाव्या स्पीकरच्या आवाजात उजव्या पट्टीची उलटी लहर मिसळली जाते. ७ उणे ७, शून्य. संवाद मध्येच राहतो. पाऊस किंवा गर्दीसारखा पसरलेला आवाज असेल तेव्हा कुणाचंच वर्चस्व नसतं, आणि डिकोडर हात आवरता घेतो. दोन जोरदार आवाज एकाच वेळी दोन दिशांनी आले, तर मात्र त्याला दोघांनाही पूर्ण न्याय देता येत नाही.

इथे कान मदतीला येतो. एकच आवाज दोन ठिकाणांहून किंचित अंतराने आला, तर तो आधी पोहोचलेल्या दिशेनेच आला असं आपल्याला वाटतं. जर्मन शास्त्रज्ञ हेल्मुट हास यांनी १९४९च्या प्रबंधात याचा अभ्यास केला होता. म्हणून भोवतालचा मार्ग सभागृहाच्या लांबीनुसार काही मिलिसेकंद उशिरा वाजवतात. झिरपलेला संवाद मागच्या रांगेतही पडद्यावरूनच आल्यासारखा वाटतो.

तरी ‘स’ आणि ‘श’ची सळसळ उरायची. फिल्म सेकंदाला सुमारे ४५६ मिलिमीटर वेगाने धावते. त्या वेगात ७,००० हर्ट्झची एक लहर फिल्मवर ०.०६५ मिलिमीटर जागा घेते. वाचणारी प्रकाशाची फट त्याच्या निम्म्याने जरी तिरकी झाली, तरी सारखी लहर उलटी ठरून मागे पळते. त्यामुळे भोवतालच्या मार्गातले ७,००० हर्ट्झच्या वरचे स्वर गाळूनच टाकले.

कलावंतांवरचा परिणाम

हीच प्रत एका स्पीकरच्या जुन्या चित्रपटगृहातही चाले, हे या तंत्राचं मोठं बळ होतं. वितरकाला वेगळ्या प्रती काढाव्या लागत नसत. पण अशा ठिकाणी दोन पट्ट्यांची बेरीजच ऐकू येई आणि भोवतालचा आवाज पुसला जाई. म्हणून कथेला आवश्यक असं काहीही मागे ठेवायचं नाही, तिथे वारा, पाऊस, गर्दी, प्रतिध्वनी यांनाच जागा, हा दंडक पडला. ध्वनिमिश्रण करणारेही आवाज दोन पट्ट्यांत मिसळून, पुन्हा उलगडूनच ऐकत, कारण मॅट्रिक्स त्यांच्या मांडणीत स्वतःची भर घालत असे.

१९९२मध्ये ‘बॅटमॅन रिटर्न्स’ने डॉल्बीचा डिजिटल ध्वनी आणला आणि प्रत्येक दिशेला स्वतंत्र मार्ग मिळाला. तरीही डिजिटल प्रतींवर या दोन पट्ट्या राहिल्या. डिजिटल खुणा वाचता आल्या नाहीत की यंत्रणा त्यांच्याकडेच वळे. १९९९च्या ‘द फँटम मेनेस’मध्ये मागच्या भिंतीसाठी जादा मार्ग हवा होता, तेव्हाही मॅट्रिक्सच वापरलं गेलं.

आज साठवणुकीची जागा स्वस्त आहे, म्हणून ही काटकसर कालबाह्य वाटू शकते. मला तसं वाटत नाही. या अभियंत्यांनी जागा वाढवण्याआधी ऐकणाऱ्याचा अभ्यास केला. काय गमावलेलं कानाला चालतं आणि काय मुळीच चालत नाही, हे त्यांनी ओळखलं. महागड्या चुंबकीय प्रती ज्यांच्यापर्यंत कधीच पोहोचल्या नसत्या, अशा असंख्य प्रेक्षकांना भोवतालचा आवाज मिळाला तो या अभ्यासामुळे.